ओकच्या सावलीत रानजिरेनियम: माती, बी आणि पहिली तीन वर्षं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सेंट्रल न्यू जर्सीत एडिसनजवळ घर, मागच्या अंगणात दोन जुने ओक, त्यांच्याखाली लॉन धरत नाही. माती लालसर आणि चिकट, हरणांची ये-जा नेहमीची. दुकानातून दोन वर्षं ‘जिरेनियम’ आणून लावलं, दोन्ही वेळा हिवाळ्यात मेलं. आता इथलं मूळचं रानजिरेनियम लावायचं आहे. बी पेरावं की रोपं आणावीत? जमीन कशी तयार करावी?

आधी त्या मेलेल्या झाडांबद्दल. मे महिन्यात मोठ्या दुकानांबाहेर लाल, गुलाबी, पांढऱ्या झुबक्यांच्या ज्या कुंड्या मांडलेल्या असतात, ते जिरेनियम नाही, पेलार्गोनियम आहे. पुण्या-मुंबईच्या गॅलऱ्यांत दिसतं तेही तेच, आणि तेलासाठी महाराष्ट्रात काही शेतकरी ‘जिरेनियमची शेती’ करतात तेही एक पेलार्गोनियमच. दक्षिण आफ्रिका हे या कुळशाखेचं मुख्य माहेर. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये या सगळ्या झाडांना जिरेनियम या एकाच नावाखाली घातलं होतं. १७८९ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए यांनी पेलार्गोनियम वेगळं काढलं, पण बोलण्यातलं नाव चिकटलं ते चिकटलंच. दुकानातल्या त्या झाडाला जर्सीचा हिवाळा उघड्यावर काढता येत नाही. म्हणजे तुमच्या हातून काही चुकलं नव्हतं, झाडच वेगळं होतं.

फुलावरून दोन्ही सहज ओळखता येतात. खऱ्या जिरेनियमच्या पाच पाकळ्या सारख्या असतात, फूल कुठूनही पाहिलं तरी चक्रासारखं दिसतं. पेलार्गोनियमच्या वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिघींपेक्षा आकाराने किंवा खुणांनी वेगळ्या असतात.

तुम्हाला हवं आहे ते झाड म्हणजे जिरेनियम मॅक्युलेटम. इथे त्याला वाइल्ड जिरेनियम किंवा स्पॉटेड क्रेन्सबिल म्हणतात. ‘क्रेन्सबिल’ म्हणजे क्रौंचाची चोच. फूल गळल्यावर मधून जी लांब टोकदार चोच उभी राहते तिच्यावरून हे नाव पडलं, आणि ग्रीक ‘गेरानोस’चा अर्थही क्रौंचच. झाड दीड ते दोन फूट उंच, पानं हाताच्या पंजासारखी पाच ते सात खोल भागांत चिरलेली, फुलं इंच-दीड इंचाची, फिक्या जांभळ्यापासून गुलाबीपर्यंत. जमिनीखाली आल्यासारखा आडवा, गाठीगाठींचा कंद. दक्षिण ओंटारियो आणि मेनपासून जॉर्जियापर्यंत आणि पश्चिमेला कॅन्सस-ओक्लाहोमापर्यंत हे आपोआप उगवतं. हार्डिनेस झोन (हिवाळ्यातल्या किमान तापमानावरून पाडलेले पट्टे) ३ ते ८ त्याला चालतो. तुमचा झोन ७, म्हणजे थंडीची काळजी अजिबात नको.

नर्सरीत लेबलवर ‘जिरेनियम मॅक्युलेटम’ हे लॅटिन नाव पूर्ण वाचा. नुसतं ‘हार्डी जिरेनियम’ लिहिलेलं असेल तर ते बहुधा परदेशी किंवा संकरित असतं. सगळ्यांत खपणारं ‘रोझान’ हे हिमालयातल्या दोन जिरेनियमांचा, हिमालयेन्स आणि वालिचियानम यांचा, इंग्लंडमध्ये सापडलेला संकर आहे. ‘बायोकोव्हो’ची मुळं क्रोएशियाच्या डोंगरात. झाडं सुंदर आहेत, पण तुमच्या प्रश्नातलं ‘इथलं मूळचं’ त्यांना लागू होत नाही. ‘एस्प्रेसो’ नावाचं तपकिरी पानांचं मिळतं, ते मात्र मॅक्युलेटमच आहे. ते एका झाडाचे तुकडे करून वाढवलेलं असतं, म्हणून शोभेला एखादं ठेवा, पण बाकीची बियांपासून केलेली साधी जातच घ्या. बियांची रोपं एकमेकांपासून थोडी वेगळी निघतात आणि पुढे स्वतःची पिल्लं करायला तेच बरं.

आता या झाडाचं रानातलं वर्ष कसं जातं ते नीट समजून घ्या. लावण्याचे, पाणी घालण्याचे सगळे निर्णय त्यातूनच सुटतात.

हे ओक-हिकरीच्या पानगळीच्या जंगलातलं, जंगलाच्या कडेचं, ओढ्याच्या वरच्या उताराचं झाड आहे. एप्रिलच्या सुरुवातीला वरच्या फांद्या उघड्या असतात आणि ऊन थेट जमिनीवर पोहोचतं. कंदातून घड्या घातलेली पानं तेव्हाच वर येतात. ओकची कोवळी पानं अर्धी उलगडेपर्यंत, साधारण एप्रिलअखेर ते मेअखेर, फुलं येतात. जूनमध्ये वरचं छप्पर मिटतं, तोवर बी तयार झालेलं असतं. मग उरलेला उन्हाळा मंद सावलीत पानांवर निघतो, आणि पाऊस दडला तर ऑगस्टमध्ये पानं पिवळी-तांबडी होऊन झाड जमिनीत परत जातं. वर्षाची बरीचशी कमाई त्या वसंतातल्या सहा-आठ आठवड्यांत होते. म्हणून हे झाड सदाहरित झाडांखाली किंवा घराच्या उत्तरेच्या कायम अंधारात लावलं तर जगतं, पण फुलत नाही. आणि भर दुपारच्या उन्हात लावलं तर ओल सतत लागते, नाहीतर जुलैतच पानांच्या कडा करपतात. पानगळीच्या ओकखाली, सकाळचं ऊन आणि दुपारची गाळीव सावली, ही तुमची जागा या झाडासाठी जवळजवळ आयती आहे.

जंगलातली दुसरी गोष्ट म्हणजे जमीन. तिथे कुणी खणत नाही, खत घालत नाही. दर शरदात पानं पडतात, खालचा थर कुजून काळा भुसभुशीत होतो, आणि कंद त्या थरात, वरच्या दोन-तीन इंचांत, आडवा पसरतो. अंगणात हे झाड फसतं ते बहुतेक वेळा फुलांच्या वाफ्याची रीत त्याला लावल्यामुळे: खोल खणणं, पिशवीतली माती, रासायनिक खत, लाकडाच्या भुग्याचा जाड थर, आणि शरदात सगळी पानं फुंकून गोळा करणं. तुम्हाला वाफा करायचा नाही, रानाची जमीन करायची आहे.

माती

तुमच्या भागातली लाल माती शेल खडक झिजून झालेली आहे. चिकण असली तरी तिच्यात अन्न भरपूर असतं. प्रश्न फक्त निचऱ्याचा. एक फूट खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. तासाला इंचभर पाणी उतरलं तर उत्तम. अर्धा इंच उतरलं तरी उतारावर चालेल. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेलं दिसलं तर ती जागा रानजिरेनियमची नाही. हिवाळ्यात कंद कुजेल. तिथे गोल्डन रॅगवर्ट लावा, त्याला ओल आवडते.

चिकणमातीत मोठा खड्डा करून त्यात नुसतं कंपोस्ट भरणं ही सगळीकडे दिसणारी चूक आहे. भोवतालची माती पाणी सोडत नाही आणि खड्ड्याचं टोपलं होतं, पाणी त्यातच उभं राहतं. रोपाच्या गोळ्याएवढाच खड्डा करा आणि निघालेली मातीच परत भरा. सुधारणा वरून करायची: दोन इंच कुजलेलं पानखत अंथरा, बाकीचं काम बुरशी आणि किडेमुंग्या करतात.

रटगर्स विद्यापीठाच्या माती तपासणी प्रयोगशाळेत नमुना पाठवून पीएच पाहून घ्या. साडेपाच ते सात यांत काहीही चालतं. ओकखालची जमीन बहुधा पाच ते सहाच्या आसपास निघते. केवळ ‘आम्ल’ शब्द दिसला म्हणून चुना टाकू नका. लॉनसाठी पूर्वी टाकलेला असेल तर उलट पीएच वर गेलेला सापडेल.

ओकच्या मुळांशी फार जपून वागा. त्यांची अन्न शोषणारी बारीक मुळं वरच्या फूटभर मातीतच असतात. टिलर फिरवू नका, मुळांवर मातीचा नवा थर चढवू नका, बुंध्याला आच्छादन टेकवू नका. बुंध्यापासून तीन फूट जागा सोडून लावणी सुरू करा.

विरळ लॉन काढायला खणावं लागत नाही. सप्टेंबरात गवत जमेल तितकं खाली कापा, टेप आणि स्टेपल काढलेला साध्या पुठ्ठ्याचा एकच थर टाका, भिजवा, आणि वर त्याच ओकची पानं पाच-सहा इंच पसरा. एप्रिलपर्यंत ती दबून दोन इंचांवर येतात आणि पुठ्ठा मऊ पडतो, त्याला भोक पाडून लावता येतं. या जागेवर लॉनचं ‘वीड अँड फीड’ पुन्हा कधीही टाकू नका. त्यातलं तणनाशक रुंद पानांच्या सगळ्या झाडांवर चालतं, म्हणजे जिरेनियमवरही. डायकाम्बा हे तणनाशक असलेलं औषध ओकच्या मुळांनाही इजा करतं. आणि वसंतात क्रॅबग्रास हे लॉनमधलं तण रोखायला जे टाकतात त्याने जिरेनियमचं बीही उगवत नाही.

इथे एक इशारा, कारण याकडे लोक लक्ष देत नाहीत आणि नंतर उपाय उरत नाही. ‘जंपिंग वर्म’ नावाची आशियाई गांडुळं या भागात पसरली आहेत. गांडूळ म्हणजे शेतकऱ्याचा मित्र हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण ही गांडुळं पानांचा थर एका उन्हाळ्यात फस्त करतात आणि कॉफीच्या चोथ्यासारखी सुटी दाणेदार माती मागे ठेवतात. त्या मातीत जिरेनियमचा कंद उघडा पडतो आणि बी रुजत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात पानं बाजूला करून पाहा. हात लावताच सापासारखी वळवळणारी, डोक्याजवळ सपाट पांढुरका पट्टा पूर्ण गोल फिरलेली गांडुळं दिसली तर तीच. खात्री करायला एक गॅलन पाण्यात तृतीयांश कप पिवळ्या मोहरीची पूड कालवून जमिनीवर हळूहळू ओता, ती वर येतात. पकडून काळ्या पिशवीत घालून उन्हात ठेवा. मोठी गांडुळं थंडीने मरतात, अंडी हिवाळा काढतात, आणि ही अंडी कुंडीतल्या मातीतून, फुकट मिळणाऱ्या आच्छादनातून येतात. म्हणून शेजाऱ्याने कुंडीतून दिलेलं रोप लावण्याआधी मुळं पाण्यात पूर्ण धुऊन घ्या आणि ते पाणी बागेत ओतू नका. आच्छादनासाठी स्वतःच्या अंगणातली पानं सगळ्यांत सुरक्षित.

रोपं की बी?

दोन्ही, पण या क्रमाने: पहिल्या वर्षी रोपं, आणि त्यांचं बी धरून पुढची.

रोपांत तीन प्रकार मिळतात. गॅलनची कुंडी महाग पडते आणि ओकच्या मुळांत तिच्याएवढा खड्डा करणं अवघड. नुसता कंद, म्हणजे ‘बेअर रूट’, स्वस्त आणि गांडुळांच्या दृष्टीने निर्धोक. तिसरा प्रकार प्लग, चार-पाच इंच खोल मुळांचा छोटा गोळा, ३२ किंवा ५०च्या ट्रेमध्ये. तुमच्या जागेला प्लग सर्वांत सोयीचे. विचारताना एवढं जरूर विचारा की रोपांवर निओनिकोटिनॉइड कीटकनाशक वापरलंय का. ते झाडाच्या परागात उतरतं.

लावणी एप्रिल-मे मध्ये किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. प्लगसाठी ड्रिलला लावायचा दोन-तीन इंच व्यासाचा ऑगर (जमिनीत भोक पाडायचं पातं) वापरा. अंगठ्यापेक्षा जाड मूळ लागलं की थांबा, भोक बुजवा आणि चार इंच सरका. गोळा जमिनीच्या पातळीला बसवा, भोवती माती दाबा, लगेच पाणी घाला म्हणजे पोकळी राहत नाही. उशिरा शरदात लावलेल्या प्लगवर पानांचा थर न घातल्यास माती गोठून-वितळून गोळा वर उचलला जातो. जानेवारीत एखाद्या उबदार दिवशी फेरी मारून वर आलेले पायाने हलके दाबा. कंद असेल तर तो आडवा ठेवा, कोंब वरच्या बाजूला, वर इंचभरच माती. तीन-चार इंच खोल पुरलेला कंद वर्षभर वर येत नाही आणि माणूस समजतो मेला.

अंतर १५ इंच. त्या हिशेबाने ५० चौरस फुटांना ३२ रोपं लागतात, म्हणजे बरोबर एक ट्रे. पण बत्तीसच्या बत्तीस जिरेनियम लावू नका. ऑगस्टमध्ये ते झोपलं की सगळी जमीन उघडी पडेल आणि तिथे तण घुसेल. चांगला मेळ असा: १२ रानजिरेनियम, १० पेनसिल्व्हेनिया सेज (गवतासारखी दिसणारी, कोरड्या सावलीत टिकणारी), ४ व्हाइट वुड ॲस्टर, ३ ख्रिसमस फर्न, ३ फोमफ्लॉवर. सेज जमीन धरून ठेवते, फर्न हिवाळ्यात हिरवं राहतं, ॲस्टर सप्टेंबरात फुलतं. जिरेनियम तीन-तीनच्या गटांत लावा, एकेकटं विखुरू नका. का, ते पुढे मधमाश्यांच्या ओघात येईल.

पहिल्या वर्षी आठवड्याला इंचभर पाणी, पाऊस धरून. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा मुरेपर्यंत द्या, कारण ओक स्वतः प्रचंड पाणी ओढतो आणि वरवरचं शिंपडलेलं रोपापर्यंत पोहोचतच नाही. दुसऱ्या वर्षापासून फक्त लांबलेल्या कोरड्या काळात. खत कधीच नको. नायट्रोजन मिळालं की पानं फोफावतात, दांडे लोळतात, फुलं कमी होतात. पहिल्या वसंतात फुलं तुरळक येतील, दुसऱ्यात बऱ्यापैकी, तिसऱ्यात झुडूप भरेल.

बी धरणं हे या झाडाच्या बाबतीत खरं कसब आहे, आणि मजाही. तेरड्याची पिकलेली शेंग बोट लागताच फुटते ते सगळ्यांना माहीत आहे. इथेही बी उडतं, पण तऱ्हा निराळी. तेरड्यात शेंगेतल्या पाण्याचा दाब काम करतो. जिरेनियम कोरडं पडल्यावर उडवतं. चोचीच्या मुळाशी पाच कप्पे, प्रत्येकात एक बी, आणि प्रत्येक कप्प्याला चोचीच्या टोकापर्यंत गेलेली एक पट्टी. पट्टी वाळते, तिच्यात ताण साठतो, आणि एका क्षणी ती खालून सुटून वर वळते, गोफणीसारखी. बी दहा फूट सहज जातं. मागे चोचीच्या टोकाला पाच रिकाम्या वाट्या झुंबरासारख्या लटकत राहतात; त्या दिसल्या की समजा, उशीर झाला.

म्हणून फूल गळल्यापासून तीन ते पाच आठवडे, साधारण सगळा जून, एक दिवसाआड पाहणी करा. चोच हिरवी आहे तोवर हात लावू नका, हिरवं काढलेलं बी पोचट निघतं. मुळाशी असलेले फुगीर कप्पे तपकिरी-काळे झाले आणि चोचही रंग बदलू लागली की तो दांडा कापून कागदी पिशवीत टाका आणि पिशवीचं तोंड बंद करा. पुढचे दोन-तीन दिवस पिशवीत टपटप आवाज येईल. सगळ्या चोची एकदम पिकत नाहीत, त्यामुळे हे चार-पाच फेऱ्यांत होतं. तेवढा वेळ नसेल तर पातळ जाळीदार पिशव्या दांड्यांवर हिरव्या असतानाच बांधून ठेवा.

ताजं बी लगेच पेरणं उत्तम. चार इंच खोल कुंडीत निचऱ्याचं मिश्रण, बी पाव इंच खोल, वर बारीक खडीचा पातळ थर, आणि त्यावर घट्ट बांधलेली तारेची जाळी. जाळी विसरलात तर चिपमंक (खारीसारखे छोटे प्राणी) बघता बघता सगळं उकरतील. कुंडी सावलीत बाहेर ठेवा, उन्हाळ्यात पूर्ण वाळू देऊ नका, हिवाळ्यात बर्फाखाली राहू द्या. एप्रिलमध्ये मूत्रपिंडाच्या आकाराची दोन दळं वर येतात, पाठोपाठ चिरलेलं पहिलं पान. बियांचं कवच टणक असल्याने काही बिया दुसऱ्या वसंतापर्यंत थांबतात, म्हणून कुंडी वर्षभरात रिकामी करू नका.

विकत आणलेलं वाळलेलं बी असेल तर बारीक सँडपेपरवर हलकेच घासा, कवच पांढुरकं दिसू लागेल इतकंच. मग ओलसर वाळूत मिसळून झिपच्या पिशवीत, फ्रिजमध्ये ४० अंश फॅरनहाइटच्या आसपास, ६० ते ९० दिवस. वाळू मुठीत दाबली तर पाणी निथळता कामा नये. जास्त ओली ठेवली की बुरशी धरते. दर पंधरा दिवसांनी उघडून पाहा, पांढरी मुळी दिसली तर मुदत न मोजता पेरून टाका. थंडीचा काळ वगळून मार्चमध्ये थेट पेरलेलं बी जवळजवळ उगवतच नाही, आणि ‘बी खराब निघालं’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. बियांच्या रोपाला पहिल्या वर्षी फक्त पानं येतात, फूल दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी.

मधमाश्यांचं. रानजिरेनियमच्या फुलात दहा पुंकेसर असतात आणि ते आधी पिकतात. पराग देऊन झाला की मग मधली कुक्षी पाच टोकांनी उघडते. म्हणजे एकच फूल आधी नर, मग मादी. स्वतःचा पराग स्वतःला मिळण्याची शक्यता कमी. काही झाडांवर तर फक्त मादी फुलं येतात, आकाराने लहान. त्यामुळे बी हवं असेल तर निरनिराळी पाच-सहा झाडं तरी माशीच्या एका फेरीत येतील अशी हवीत, म्हणून गटाने लावणी. आन्द्रेना डिस्टान्स नावाची एक छोटी एकलकोंडी माशी तर पिलांसाठी पराग मुख्यतः याच फुलातून नेते. ती जमिनीत बीळ करून राहते. सगळी जमीन पानांनी झाकू नका. उन्हाच्या बाजूला दोन-तीन फुटांचा उघडा, न खणलेला तुकडा तिच्यासाठी ठेवा. आणि तिच्या उडण्याच्या दिवसांत, मेमध्ये, डासांची फवारणी करून घेऊ नका.

हरणं आणि रोग

कंदात आणि पानांत टॅनिन खूप. याच तुरटपणामुळे इथल्या मूळ रहिवाशांनी कंद औषधात वापरला आणि एकोणिसाव्या शतकात तो अमेरिकी औषधसूचीतही होता. हरणं मोठ्या झाडाला सहसा तोंड लावत नाहीत. नव्या रोपाचा मात्र एक घास घेऊन पाहतात, आणि प्लग इतका हलका की त्या घासासरशी मुळासकट उपटून बाजूला पडतो. ससे कोवळी पानं खातात. पहिली दोन वर्षं तीन-चार रोपांच्या गटाभोवती तीन-चार फूट उंच तारेची जाळी गोल उभी करा. हरणांना इतक्या लहान गोलात उडी मारायची नसते. बाकी अंगणाला कुंपण घालायची गरज नाही.

रोगांची भीती बाळगू नका. पानाखाली नारिंगी ठिपके म्हणजे तांबेरा, पानावर पांढरी पूड म्हणजे भुरी. दोन्ही बी पडून गेल्यावर येतात आणि दिसतं त्या मानाने झाडाचं नुकसान फार होत नाही. लागलेली पानं जमिनीलगत कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. ओल असेल तर बुडातून नवी पानं फुटतात. मावा आला तर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. वसंतात पानांना गोल भोकं पडली तर रात्री टॉर्च घेऊन पाहा, शंख नसलेल्या गोगलगायी असतात. पानांचा थर रोपाच्या गळ्यापासून दोन इंच मागे सारा.

ऑगस्टमधल्या पिवळ्या पानांना घाबरून रोज पाणी घालणं, हे मात्र रोगापेक्षा जास्त कंद मारतं. कोरड्या उन्हाळ्यातली ती झोप आहे. ओल्या चिकणमातीत तेव्हा कंद सडतो. शंका आली तर एका बाजूने माती उकरून कंद चाचपा: टणक आहे, टोकाला गुलाबीसर कोंब आहे, तर झाकून टाका. मऊ, काळा आणि आंबूस वास असेल तर तो गेला.

शरदातली पानं फुंकू नका. मात्र ओकची अख्खी पानं वाऱ्याने एका जागी साचून सहा-आठ इंचांचा घट्ट गालिचा झाला, तर एप्रिलमधला कोंब खाली दबून पिवळा पडतो. मार्चमध्ये हाताने मोकळा करून दोन-तीन इंचांवर आणा. पानांवरून एकदा लॉनमोवर फिरवून पसरली तरी चालतं.

तणांत दोन वैरी. गार्लिक मस्टर्ड हे जिरेनियमच्याच वेळी, एप्रिल-मेमध्ये, पांढरी चार पाकळ्यांची फुलं घेऊन येतं. पान चुरगाळलं की लसणाचा वास. बी धरण्याआधी मुळासकट उपटा. दुसरं जपानी स्टिल्टग्रास, पानाच्या मध्यावर चंदेरी रेघ असलेलं नाजूक गवत. ते वर्षायू आहे, म्हणून जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये, तुरा येण्याआधी, ओल्या जमिनीतून हलकेच ओढलं की त्या वर्षीचं बी थांबतं. जमिनीत आधीचं बी काही वर्षं टिकतं, त्यामुळे हे चार-पाच उन्हाळे करावं लागेल. जूनमध्येच उपटून निश्चिंत झालात तर उकरलेल्या जमिनीत नवी फळी उगवते.

लावण्याआधी एकदा हे झाड त्याच्या घरी पाहून या. डेलावेअर नदीपलीकडे न्यू होपजवळ बोमन्स हिल वाइल्डफ्लॉवर प्रिझर्व्ह आहे, १९३४ पासूनचं. किंवा फार हिल्सचं लेनर्ड जे. बक गार्डन. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जा आणि फुलांपेक्षा जमिनीकडे, उताराकडे, शेजारच्या झाडांकडे जास्त पाहा. पण तिथून किंवा कुठल्याही स्टेट पार्कमधून रोप वा बी उचलू नका. नियमाने बंदी आहेच, शिवाय रानातल्या त्या झाडाचा पराग तिथल्या माशीचं अन्न आहे.

एक गोष्ट विचारली नाहीत, पण पुढे मनात येईल: सुट्टीत जाताना हे बी पुण्याला नेता येईल का? नेऊ नका. कागदपत्रांशिवाय बी भारतात नेणं वनस्पती विलगीकरणाच्या २००३च्या आदेशात बसत नाही. आणि या झाडाला दोन-तीन महिने सलग थंडी लागते, ती आपल्याकडच्या मैदानी हवेत मिळत नाही.

चौथ्या वर्षी झुडपाचा मध्य विरळ दिसू लागला की कंद वाटून घ्यायची वेळ झाली. मार्चअखेर कोंब नुकते दिसतात तेव्हा, किंवा सप्टेंबरात. भोवती काट्याने माती सैल करून कंद उचला, धारदार सुरीने दोन-तीन इंचांचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्यावर निदान एक टपोरा कोंब आणि थोडी मुळं हवीत. कोंब नसलेला तुकडा फुकट जातो. काप तासभर सावलीत सुकू द्या आणि त्याच दिवशी लावा, आडवा, इंचभर खोल. एका चांगल्या झुडपाचे चार ते सहा तुकडे होतात, आणि ओकच्या दुसऱ्या बाजूची जागा तेवढ्यात भरून निघते.